वाचकांचे प्रश्न: दारातली कोंबडी, ताटातलं अंडं

प्रश्न: शहरात आमचं लहानसं बैठं घर आहे. मागे दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे. शक्यतो जवळपास पिकलेलंच खायचं, असं मी आणि माझ्या मुलीने ठरवलं आहे. भाजी कुंड्यांत लावतोच, आता चार कोंबड्या आणायच्या म्हणतो. कोंबडा ठेवावा लागेल का? रोज चार अंडी मिळतील ना?

उत्तर: कोंबडा अजिबात नको. कोंबडी त्याच्याशिवाय अंडी घालते. तो लागतो पिलं हवी असतील तेव्हाच, आणि शहरात पहाटे आरवणारा कोंबडा म्हणजे पंधरा दिवसांत शेजाऱ्यांशी वाकडं. पण कोंबडीही गप्प बसत नाही. अंडं घालून झालं की चांगली पाच-दहा मिनिटं कॉक-कॉक करून सगळ्यांना सांगते. त्यामुळे पक्षी आणण्याआधी भिंतीला भिंत लागून असलेल्या घरी जाऊन बोला. पालिकेचा आणि सोसायटीचा नियमही आधीच विचारा, कारण गावागणिक तो वेगळा असतो.

रोज चार अंडी मात्र धरून चालू नका. एक अंडं तयार व्हायला कोंबडीच्या पोटात २४ ते २६ तास लागतात, आणि त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला जातात. म्हणून आज सकाळी आठला घातलं तर उद्या नऊ-दहाला, परवा दुपारी, आणि मग एक दिवस खाडा. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, कारण भरपूर अंड्यांसाठी तिला १४ तासांच्या वर उजेड लागतो. वर्षातून एकदा पिसं झडतात, तेव्हा काही आठवडे अंडी बंद. ती खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली, तरी बंद. यातलं काहीच आजारपण नव्हे. अशा वेळी घाबरून औषधं देणारे मी पाहिले आहेत, आणि त्या मुक्या जिवाचे फार हाल होतात.

जागा तुमच्याकडे पुरेशी आहे. खुराड्यात दर कोंबडीला चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला दहा, एवढं धरा. बसायला आडवी काठी द्या, अंड्यांसाठी आडोशाची एक पेटी चौघींना पुरते. कोरड्या मातीचा एक कोपरा राखून ठेवा. कोंबडी मातीत लोळून पिसांतल्या उवा झाडते, ती तिची आंघोळच. माती मिळाली नाही तर ती कासावीस होते.

खर्च करायचाच तर जाळीवर करा. हे मी मन घट्ट करून लिहिते आहे. सोळा वर्षांपूर्वी मी पहिल्या तीन कोंबड्या आणल्या आणि षटकोनी भोकांची पातळ तार लावली. ती तार कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. एका रात्री कुत्र्याने ती खालून फाडली. सकाळी अंगणभर पिसं, आणि एकच कोंबडी जिवंत, वरच्या काठीवर अंग चोरून बसलेली. तिने दोन दिवस दाण्याला तोंड लावलं नाही. तेव्हापासून मी वेल्ड केलेली अर्ध्या इंचाची जाळी वापरते आणि ती जमिनीत फूटभर गाडते. अंधार पडायच्या आत दार लावायचं, हे काम घरातल्या एकाच्या नावावर असू द्या. “आज कुणी लावलं?” असं रात्री विचारायची वेळ येऊ देऊ नका.

प्रश्न: आमच्या कोंबड्या दिवसभर अंगणात मोकळ्या असतात, चरतात, उकरतात. म्हणजे अंडी अगदी शुद्ध, असं धरायचं ना? लहान नातवाला रोज एक देतो.

उत्तर: आधी अंगणातली माती तपासून घ्या. नातवासाठीच सांगते आहे. शहरातल्या मातीत जुन्या रंगांतलं आणि पूर्वीच्या पेट्रोलच्या धुरातलं शिसं साचलेलं असतं, ते वर्षानुवर्षं हलत नाही. कोंबडी दिवसभर तीच माती चोचीने उकरते, दाण्याबरोबर ती पोटात जाते आणि तिथून शिसं अंड्यात उतरतं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ५५ परसांतल्या कोंबड्यांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. घरच्या अंड्यांत दुकानातल्या अंड्यांपेक्षा सरासरी चाळीस पट शिसं निघालं. वाचलं त्या दिवशी मी माझी अंडी वाटणं थांबवलं आणि माती प्रयोगशाळेत पाठवली. घराच्या भिंतीलगतची माती खराब निघाली, पलीकडची ठीक होती. भिंतीचा तो पट्टा मी जाळीबाहेर काढला, फिरायच्या जागेत बाहेरून आणलेली स्वच्छ माती आणि वर लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर घातला. दाणा जमिनीवर टाकणं बंद केलं, आता तो टांगलेल्या भांड्यात असतो.

तपासणीचा निकाल येईपर्यंत नातवाचं अंडं थांबवा. आणि त्याला कोंबड्यांशी जरूर खेळू द्या, पण नंतर साबणाने हात धुतले पाहिजेत. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

अंडी मात्र गोळा केल्या केल्या धुऊ नका. पेटीतून नुकतं घातलेलं अंडं कधी तळहातावर घेऊन पाहा. गरम असतं, ओलसर चकाकतं, आणि बघता बघता मिनिटभरात ते ओल सुकून कवच निस्तेज होतं. ते सुकलेलं पापुद्र्यासारखं आवरण कवचाची बारीक छिद्रं बुजवतं आणि जंतूंना बाहेर ठेवतं. धुतलंत की ते गेलं. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा.

प्रश्न: खाद्याची पोती शेकडो किलोमीटरवरून येतात, मग घरचं अंडं स्थानिक कसलं, असं माझा भाऊ म्हणतो. त्याला काय सांगू?

उत्तर: भावाचा मुद्दा खरा आहे, आणि स्थानिक अन्नाचा आग्रह धरणाऱ्या आपण सगळ्यांनी तो मनावर घ्यायला हवा. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. चार कोंबड्यांचे वर्षाला दीडशे किलोंच्या वर होतात. ते धान्य कुठल्या शेतात, कुठलं खत घालून पिकलं, यावर तुमच्या अंड्याचा खरा हिशेब ठरतो. अमेरिकेतल्या घरांच्या अन्नाचा असा हिशेब २००८ मध्ये मांडला गेला. हवामान तापवणाऱ्या वायूंपैकी ८३ टक्के पिकवण्यातच निघतात आणि वाहतुकीचा वाटा ११ टक्के, असं त्यात दिसलं. म्हणजे नुसतं अंतर मोजून भागत नाही.

मग मी कोंबड्या कशाला पाळते? कारण माझ्या घरात कोंबडीमुळे एक चक्र फिरतं. भाजीची देठं, वाढून गेलेली मेथी-पालकासारखी पानं, कुंडीतल्या अळ्या तिच्या पोटात जातात. तिची विष्ठा वाळल्या पानांत मिसळून काही महिने कुजवली की कुंड्यांना उत्तम खत होतं. ताजी घालू नका, मुळं करपतात. खुराड्यातून झोंबरा वास आला तर समजा तळाला पसरलेला भुसा कमी पडला, लगेच कोरडा भुसा टाका. घरचं उरलंसुरलं एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर देऊ नका. खारट, बुरशी आलेलं, चॉकलेट, कच्चे वाळलेले घेवड्याचे दाणे अजिबात नको. काही देशांत स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्यांना घालायला कायद्याने बंदी आहे, तेवढं पाहून घ्या. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढा ती स्वतः टिपते.

आणि भावाला हेही सांगा की धान्य जवळच्या शेतकऱ्याकडून थेट घेता येतं. चार-पाच घरांनी मिळून घेतलं तर त्यालाही परवडतं. मी तसंच करते. त्याच्या शेतात यंदा काय बिघडलं ते मला माहीत असतं, आणि माझ्या लेखी स्थानिक अन्न ते हेच.

प्रश्न: आमची एक कोंबडी चार वर्षांची झाली. अंडी जवळजवळ थांबली आहेत. तिचं काय करावं?

उत्तर: भरघोस अंड्यांची वर्षं दोन-तीनच असतात आणि कोंबडी जगते सहा-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. त्यामुळे हा प्रश्न पहिली कोंबडी आणायच्या दिवशीच घरात बोलून घ्यावा लागतो. कापून खायची असेल तर वेदना न होता, जाणत्या माणसाच्या हातून व्हावं, त्यात मला गैर वाटत नाही. पण मोकळ्या मैदानात किंवा कुणाच्या दारात सोडून देऊ नका. ती एक रात्रही काढणार नाही.

मी माझ्या ठेवते. राखी आता नऊ वर्षांची आहे, गेल्या दोन वर्षांत तिने एकही अंडं दिलेलं नाही. आकाशात घार दिसली की पहिला इशारा तिचा असतो, आणि बाकीच्या त्या एका आवाजासरशी झुडपाखाली पळतात. तुम्हीही ठेवणार असाल तर काठी खाली घ्या, जमिनीपासून फूटभरच, कारण म्हाताऱ्या कोंबडीचे पाय उडी मारताना दुखावतात. ती कमी उकरते म्हणून नखंही वाढतात. महिन्यातून एकदा तिला अंधार पडल्यावर मांडीवर घ्या, तेव्हा ती शांत असते, आणि नखाचं फक्त टोक कापा. आतली लालसर शीर कापली गेली तर रक्त थांबायला वेळ लागतो, म्हणून पहिल्यांदा कुणाला तरी शेजारी टॉर्च धरायला बसवा.