‘सिदोनी’ म्हणजे कफन? वाचकांच्या शंका

फ्रेंच नावांबद्दलच्या पत्रांत सध्या ‘सिदोनी’ (Sidonie) हे मुलीचं नाव सतत येतंय आणि घोळ दर वेळी तेच. म्हणून एकत्र उत्तरं.

‘सिद्धी’शी काही नातं?
नाही.

सिडोनी की सिदोनी?
सिदोनी. फ्रेंच ‘द’ आपल्या ‘द’सारखाच दंत्य आहे, ‘ड’ ही इंग्रजी वाचनाची सवय. शेवटी ‘आय-ई’ आहे म्हणून ‘सिदोनिए’ही म्हणू नका.

एका संकेतस्थळावर अर्थ ‘कफन’ दिलाय. सासूबाई घाबरल्यात.
सासूबाईंना सांगा, निर्धास्त राहा. ग्रीकमध्ये ‘सिंदोन’ म्हणजे तलम सुती-तागी वस्त्र. येशूचा देह ज्यात गुंडाळला त्यालाही बायबलमध्ये हाच शब्द आहे. उच्चार जवळचा, म्हणून कुणीतरी जुन्या काळी सांगड घातली आणि नावांच्या याद्या आजही एकमेकींवरून ती उतरवतात. पण आपल्या नावात ‘द’च्या आधीचा तो ‘न्’ कुठाय? ‘सिदोन’ हे प्राचीन काळच्या फिनिशियन या दर्यावर्दी लोकांचं बंदर, आजच्या लेबनॉनमधलं सैदा. तिथला तो लॅटिनमध्ये ‘सिदोनियुस’, तिथली ती ‘सिदोनिया’. पुण्याचा पुणेकर, तशी ही सिदोनकरीण. दंतकथेतली कार्थेजची राणी डायडो मूळची त्याच किनाऱ्यावरची, म्हणून लॅटिन काव्यात तिलाही ‘सिदोनिया’ म्हटलंय. पुढे पाचव्या शतकात क्लेरमाँचा बिशप झालेला कवी सिदोनियुस आपोलिनारिस संत मानला गेला आणि नाव फ्रान्समध्ये रुजलं. नावांचे अर्थ लिहिलेल्या चौकटी विकणाऱ्यांना याच्याशी देणंघेणं नसतं. चौकट घेण्याआधी व्युत्पत्तिकोश उघडा.

नाव खरंच दुर्मीळ आहे?
आता हो. एकोणिसाव्या शतकात चांगलं चालायचं. दोदे आणि झोला या दोन्ही फ्रेंच कादंबरीकारांच्या 1870च्या दशकातल्या कादंबऱ्यांत सिदोनी भेटते. लेखिका कोलेत (जन्म 1873) हिचं पूर्ण नाव सिदोनी-गाब्रिएल कोलेत. ‘कोलेत’ हे आडनाव, बरं का! आकडे पाहायचे तर फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेची, इन्सेची, 1900पासूनची यादी पाहा. मात्र तिथे स्पेलिंग बदललं की नोंद वेगळी होते आणि फारच कमी वेळा ठेवलेली नावं ‘दुर्मीळ नावे’ या एकाच गठ्ठ्यात जातात. यादीत नाव दिसलं नाही, म्हणून ‘जगात एकमेव’ असं छापू नका.

अंकशास्त्री दोन ‘डी’ घाला म्हणतात.
घालू नका. आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर स्पेलिंग सांगत बसावं लागेल.

नामदिन, म्हणजे त्या नावाच्या संताचा दिवस, कधी?
14 नोव्हेंबर, संत सिदवानचा. ‘सिदवान’ हे ‘सिदोनियुस’चं फ्रेंच रूप.

आम्ही लिऑनमध्ये आहोत, दोघंही भारतीय नागरिक. बाळ महिन्याभरात येईल. नोंदणीत अडचण येईल?
नावाची नाही. 1803च्या कायद्याने कॅलेंडरातली आणि प्राचीन इतिहासातलीच नावं चालत; 8 जानेवारी 1993च्या कायद्याने ते बंधन गेलं. अडचण होते ती उशिराने आणि हस्तदोषाने. जन्म झालेल्या गावच्या नगरपालिकेत पाच दिवसांत नोंद करा. जन्मदिवस त्यात धरत नाहीत. मुदत टळली तर न्यायालयाचा आदेश लागतो. सही करण्याआधी एकेक अक्षर वाचा: ‘ओ-एन-आय-ई’. मधला ‘आय’ पुढे सरकून ‘ओ-आय-एन-ई’ झाला, तर ते सिदवान, म्हणजे मुलाचं नाव. दुरुस्ती होते, पण अर्ज-विनंत्या आल्याच. भारतीय नागरिकत्वासाठी एका वर्षाच्या आत तुमच्या भागाच्या भारतीय वकिलातीतही जन्म नोंदवावा लागतो. कोणते कागद लागतील ते वकिलातीला आत्ताच विचारा, बाळंतपणाच्या धांदलीत नव्हे.