संगीतात एम.ए. झाल्यावर पुढे काय?

शास्त्रीय गायनात एम.ए. केले आहे, पण केवळ मैफलींवर घर चालणार नाही. मग दुसरे कोणते मार्ग आहेत, असे तुम्ही विचारले आहे. मी अठरा वर्षे संवादिनीची (म्हणजे पेटीची) साथ आणि शिकवणी यांवर घर चालवत आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

प्राध्यापकीसाठी एम.ए.ला 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. केवळ संगीत संस्थांच्या परीक्षा देऊन मिळणाऱ्या ‘विशारद’ पदवीवर विसंबून राहिलेल्यांना हे उशिरा कळते. मात्र संगीत विभाग असलेली महाविद्यालये मोजकीच असल्याने पात्रता मिळवून ठेवावी, पण तिच्या भरवशावर वर्षे घालवू नयेत. केंद्रीय विद्यालयांत संगीत शिक्षकाचे स्वतंत्र पद असते, त्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे. आकाशवाणीची कलाकार म्हणून श्रेणी (बी, बी-हाय, ए, टॉप) जरूर मिळवावी. परंतु श्रेणी म्हणजे नोकरी नव्हे, मानधन कार्यक्रमागणिक मिळते.

माझा आग्रह आहे तो साथीचा. तुम्ही गायिका असलात तरी पेटी इतकी शिका की संगीत परीक्षांच्या केंद्रावर परीक्षार्थींना साथ करत दिवसभर बसता येईल. तिथे एक मुलगी काळी चार या पट्टीत (पेटीची ती पट्टी तिचा ‘सा’) भूप राग गाऊन उठते आणि तिच्यामागून येणारा मुलगा पांढरी एक मागतो. षड्ज (सा) बदलला की बोटांनी विचारत बसू नये. तबल्याच्या परीक्षेत तर तीनतालाचा लेहरा धरायचा, म्हणजे सोळा मात्रांची तीच ओळ पंधरा-वीस मिनिटे वाजवायची आणि कायद्यात (तबल्यातील ठरावीक बोलांच्या विस्तारात) समोरचा पळू लागला तरी आपण हलायचे नाही. माझ्या अभ्यासक्रमात याला एकही गुण नव्हता, पण पहिली नियमित कमाई मला यानेच दिली, आणि नाट्यसंगीताचे कार्यक्रम व कीर्तनाची बोलावणी याच ओळखींतून येत गेली.

शिकवणीला मागणी भरपूर आहे, कारण दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालक स्वतःहून येतात. (ते गाण्यासाठी येतात की गुणांसाठी, हा विचार फी घेताना करू नये.) परदेशातील मराठी कुटुंबांना ऑनलाइन शिकवणार असाल, तर उन्हाळ्यात न्यू जर्सीतील संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार असतात, हे लक्षात असू द्या. शिवाय इंटरनेटवर आवाज मागे पडतो, त्यामुळे दोघांनी एकत्र गाणे जमत नाही. तानपुरा विद्यार्थ्याकडेच लावावा आणि एकेक ओळ म्हणून घ्यावी.

ध्वनिमुद्रणाकडे ओढा असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी शिक्षणसंस्थेत त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, पण तो म्हणजे पुन्हा नव्याने विद्यार्थी होणे. गाण्याची तालीमच पुढे चालू ठेवायची असेल, तर केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकारांसाठीची दोन वर्षांची शिष्यवृत्ती पाहा. तिची वयोमर्यादा 18 ते 25 आहे, म्हणून एम.ए. झालेल्यांनी तो अर्ज सर्वांत आधी भरावा.