मोठ्या भूकंपानंतर कराडची जमीन किती सरकली, हे मोबाइलच्या जीपीएसवर कळेल का?

मोबाइलवर नाही कळणार. पण खडकात पक्क्या रोवलेल्या खांबावर सर्व्हेचा रिसीव्हर असेल, तर काही मिलिमीटरपर्यंत कळतं. मोजणीच्या कामात मी हीच यंत्रं वापरतो. मोबाइल कृष्णेच्या घाटावर एकाच पायरीवर ठेवून बघा, नकाशावरचा निळा ठिपका तीन-चार मीटर सहज भटकतो. मोठा रिसीव्हर उपग्रहाचा नुसता संदेश वाचत नाही, ज्या रेडिओलहरीवर तो येतो ती लहरच मोजतो. लहर साधारण १९ सेंटिमीटरची, आणि तिचा शंभरावा भागही ओळखू येतो. मग भूकंपाआधीच्या काही दिवसांची जागा नंतरच्या जागेतून वजा करायची. २०११ च्या जपानच्या भूकंपात ओशिका द्वीपकल्पावरचं जीपीएस मोजणीचं केंद्र असंच ५ मीटरहून जास्त सरकलेलं आणि मीटरभर खचलेलं दिसलं.

अट एकच, केंद्र भूकंपाच्या आधीपासून चालू हवं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा असा हिशेब म्हणूनच नाही, तेव्हा जीपीएसच नव्हतं. आणि खांब काळ्या रानात नको, पावसाळ्यात माती फुगली की खांबच हलतो! बाकी कोयनेकडे अधूनमधून बसणारा तीन रिश्टरचा धक्का, ज्यानं फार तर मांडणीवरची भांडी वाजतात, तो या यंत्रालाही दिसत नाही; त्याला भूकंपमापकच लागतो.