कार्पला फ्लाय टाकताना घाई नको
डेन्व्हरच्या साउथ प्लॅट नदीवर कार्प मासा फ्लायने, म्हणजे पिसा-दोऱ्याचं नकली भक्ष्य लावलेल्या गळाने, पकडायला पहिल्यांदाच चाललायस ना, मग ट्राउट माशासाठीचा हलका रॉड घरीच ठेव, 7 किंवा 8 वेटचा (आकडा मोठा तेवढा रॉड दणकट) घे, कार्प लागला की लाइन सरसर जाते. आणि आल्या आल्या पाण्यात उतरू नकोस रे, काठावरूनच पोलराइज्ड चष्म्यातून बघ, शेपटी वर अन् तोंड गाळात असेल तोच खाणारा मासा, उन्हात नुसत्या तरंगणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. फ्लाय क्रेफिशसारखी (गोड्या पाण्यातला छोटा शेवंडासारखा जीव) नाहीतर गांडुळासारखी, छोटीच. थेट डोक्यावर टाकलीस तर पळालाच समज, जरा पलीकडे टाकून हळू ओढत तोंडापुढे आण न् तळाशी बसू दे. झटक्याची वाट बघत बसलास तर गेला, कार्प चोखतो आणि थुंकतो, डोकं जरासं वळलं की लगेच लाइन ताणायची. मासेमारीचं लायसन मात्र आधी काढ.