बेघरांच्या शेल्टरवर पहिलीच ड्युटी आहे ना, मग ऐक

अगं पहिल्या रात्री लगेच फॉर्म पुढे करू नकोस, समोरचा माणूस पार दमलेला असतो, आधी पाणी, बेड आणि मोबाईल चार्जिंगला जागा दे, बाकी सकाळी विचार. नाइट शेल्टर म्हणजे रात्रीपुरती सोय, ट्रान्झिशनलला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या निवाऱ्यात, काही महिने मिळतात पण ते कसे उडून जातात कळत नाही, म्हणून पुढच्या घराचा विषय पहिल्याच आठवड्यात काढ. सगळ्यात जास्त नडतात ती कागदपत्रं, ओळखपत्र बहुतेकांचं हरवलेलंच असतं, त्याचा अर्ज लगेच टाकायला लाव. आणि हो, उशाशी ठेवलेली प्लास्टिकची पिशवी कचरा समजून उचलू नकोस हं, मी एकदा उचलली होती, आत आईचा फोटो निघाला, त्या बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.