पटावरची फौज मोडताना

प्रश्न : आम्ही चौघं १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धातल्या दख्खन मोहिमेवर घरी केलेल्या पटावर खेळतो. एक गडी पगाराच्या आधी तीन-चार पलटणी मोडतो, म्हणजे बरखास्त करतो, पैसे वाचवतो आणि लगेच त्याच पलटणी सीमेवर उभ्या करतो. नियमात ते बसतं. थांबवायचं कसं? (दादर)

उत्तर : त्याला बोल लावू नका, तुमच्या फेरीचा क्रम चुकला आहे. बरखास्ती पगाराच्या आधी आणि भरती पगारानंतर असली की फौज फुकट पोसली जाते. वर ती नागपूरहून अहमदनगरला एक पाऊलही न चालता पोचते. क्रम असा लावा : वसुली, पगार, बरखास्ती, भरती, हालचाल, लढाई. मग मोडायची पलटणसुद्धा त्या फेरीचा पगार घेऊनच जाईल.

एवढ्याने निम्मेच काम होते. पटाच्या कडेला तीन खाने आखा : 'या फेरीत', 'पुढच्या फेरीत', 'मोकळे'. मोडलेली सोंगटी पहिल्या खान्यात ठेवा आणि दर फेरीअखेर एक खाना पुढे सरकवा. 'मोकळे'मध्ये आल्यावरच ती पुन्हा भरती करता येईल, तीही मूळ मुलखात, पूर्ण किंमत मोजून आणि अनुभव शून्य धरून. परतावा काही देऊ नका. पलटण किल्ल्यात मोडली तर तिच्या तोफा किल्ल्यात जमा होतील, उघड्या रानात मोडली तर त्या गेल्या. शत्रूच्या लगतच्या घरात बरखास्तीला सक्त बंदी हवी. नाहीतर हरणारी पलटण लढाईच्या तोंडावर गायब करून शत्रूचे विजयगुण बुडवण्याची नवी पळवाट निघते.

आता थकबाकी. जिचा पगार चुकला त्या पलटणीखाली दर फेरीला एक बटण ठेवा. सगळी बटणे फेडली तर बरखास्ती मुकाट होते. न फेडता मोडायची असेल तर फासा टाका आणि पहिले बटण सोडून पुढच्या प्रत्येक बटणाला एक मिळवा. बेरीज १-२ : पलटण घरी जाते. ३-४ : धरणे धरते, जागची हलत नाही. ५ किंवा जास्त : त्या घराची पुढची वसुली लुटून खाते. हा नियम कडक वाटेल, पण इतिहास याहून कडक आहे. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आपली फौज मोडायला काढली, तेव्हा पायदळाचा १८ आणि घोडदळाचा ४३ आठवड्यांचा पगार थकला होता. फौजेने मोडायला साफ नकार दिला आणि ऑगस्टमध्ये ती लंडनमध्येच शिरली. १६६० मध्ये मात्र पगार चुकता करण्याची सोय आधी झाली, म्हणून बरखास्ती शांततेत पार पडली.

तुमच्या पटासाठी आणखी एक. शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती सोडावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने ऑगस्ट १८०३ मध्ये जाहीरनामा काढला आणि त्यातले बरेच जण निघून गेले. याला बरखास्ती समजून सोंगट्या उचलू नका. अधिकारी गेले, पलटणी जागेवर राहिल्या आणि २३ सप्टेंबरला असईला त्या जीव तोडून लढल्या. अशा पलटणीचा हालचालीचा गुण एकने कमी करा, लढाईचा नको.

प्रश्न : शिलेदार, बारगीर, गारदी, पेंढारी या सगळ्यांना बरखास्तीचा एकच नियम लावावा का? (मुलुंड)

उत्तर : नाही. घोडा कोणाचा आणि पैसा कोणाचा, यावर नियम ठरतो. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे, रजा मिळाली की तो दोन्ही घेऊन गावी जातो. म्हणून त्याची बरखास्ती फुकट आणि परतीची भरती अर्ध्या किमतीत ठेवा. आषाढ ते भाद्रपदाच्या फेरीत नद्या भरलेल्या आणि शेतीची कामे आलेली असतात. तेव्हा शिलेदार छावणीत ठेवायचा तर दुप्पट खर्च घ्या. दसऱ्याच्या फेरीत प्रत्येक पथकासाठी फासा टाका : मागची मोहीम हरली असेल तर १ ला पथक येत नाही, थकबाकीही असेल तर १ ते ३ ला.

बारगिराचा घोडा सरकारी. माणूस मोडला तरी घोडा पागेत, म्हणजे सरकारी तबेल्यात, येतो आणि चंदी-वैरण मागतो, म्हणून मोडलेल्या पथकाचाही एक चतुर्थांश खर्च चालूच राहील. त्या बदल्यात पागेशी केलेली भरती अर्ध्या किमतीत. गारदी म्हणजे भाडोत्री पायदळ. त्यांची सोंगटी 'मोकळे'मध्ये न ठेवता सामायिक बाजारात ठेवा, एका फेरीनंतर जो पैसे देईल तो घेईल. ही भीती असली की गारद्यांना निरोप देताना खेळाडू दहादा विचार करतो, आणि या खेळाची खरी गंमत इथेच आहे.

पेंढाऱ्याला पगारच नाही, त्यामुळे बरखास्तीही नाही. सोडून द्याल त्या घरात लूट सुरू. त्याला पटावरून उठवायचे तर एका घराचे उत्पन्न कायमचे द्यायला लावा. १८१८ मध्ये करीमखान शरण आला तेव्हा त्याला गोरखपूरकडे जमीन देऊनच वसवले होते.

प्रश्न : 'डिप्लोमसी' हा युरोपच्या नकाशावरचा पटखेळ खेळताना एक जण शेवटची लोकल पकडायला उठून जातो. त्याची युनिटं कोणत्या क्रमानं काढायची? आणि नको असलेलं आरमार आपणहून मोडता येतं का? (गिरगाव)

उत्तर : छापील नियमाप्रमाणे त्याची युनिटे जागच्या जागी थांबतात आणि हुसकावलेली थेट मोडतात. हिवाळी हिशोबात ताब्यातल्या रसद-केंद्रांपेक्षा युनिटे जास्त भरली तर मायदेशापासून सर्वांत लांबचे आधी काढायचे. अंतर सारखे असेल तर सैन्याआधी आरमार, तरीही बरोबरी असेल तर प्रांताच्या नावाचा वर्णक्रम. तुमच्या नकाशावर नावे मराठीत असतील तर हा क्रम बदलतो, म्हणून कोणती वर्णमाला धरायची ते खेळ सुरू होण्याआधीच ठरवा.

आपखुशीने मोडण्याची मुभा हिवाळ्यात नाही, जादा भरतील तेवढीच निघतात. ही सवलत घरच्या नियमात देऊ नये असे माझे ठाम मत आहे. ती दिली की तुर्कस्तान काळ्या समुद्रात अडकलेले आरमार मोडून घरी सैन्य उभारतो आणि पहिल्या वर्षीच्या निर्णयाला काही वजनच उरत नाही. वाट एकच आहे : युनिट हुसकावले गेले तर माघार न घेता ते मोडता येते, मग हिवाळ्यात घरचे केंद्र आपल्या ताब्यात आणि रिकामे असेल तर तिथे नवे बांधता येते.

प्रश्न : 'रोम : टोटल वॉर' या संगणकीय खेळात एका शहरात शेतकरी-पथकं भरती करून दुसऱ्या शहरात मोडली की लोकसंख्या वाढते. ही लबाडी आहे का? (बोरिवली)

उत्तर : २००४ च्या मूळ खेळात भरतीची माणसे शहरातून वजा होतात आणि मोडली त्या शहरात जमा होतात, हे मुद्दामच तसे केलेले आहे. पण शहराचा दर्जा वाढवणारा ६,००० लोकसंख्येचा उंबरठा ओलांडण्यासाठी शेतकऱ्यांच्या झुंडी हलवल्या की खेळ पोकळ होतो. निदान एक अनुभवचिन्ह असलेले पथकच वसवायचे, असा नियम करा. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात सैनिकाची वर्षाची तनखा ९०० सेस्टर्स (रोमन नाणी) होती आणि निवृत्तीला १२,००० मिळत. म्हणजे निरोप महागच हवा : पथकाचा चार फेऱ्यांचा, म्हणजे दोन वर्षांचा खर्च वहीत लिहा आणि तेवढी रक्कम पुढच्या चार फेऱ्या खजिन्यात अडकवून ठेवा. पथक शहराच्या आत नेऊनच मोडा, बाहेर मोडलेली माणसे कुठल्याच शहरात जमा होत नाहीत.