आजीच्या डबीतली तेवीस नाणी

दांडिया बाजार, वडोदरा
रविवार, रात्री

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

सकाळी डबी घेऊन आलीस आणि चप्पल काढायच्या आधीच विचारलंस, “काका, ह्याचे किती येतील?” मी चहा पुढे केला आणि उत्तर दिलं नाही. तुला ते लागलं असणार. पण आजी गेल्यावर ही तेवीस नाणी बाबा आणि दोन्ही आत्या अशा तिघांत वाटायची आहेत. अशा वेळी माझ्या तोंडून सहज गेलेला आकडा तुमच्या घरात वर्षानुवर्षं उगाळला जाईल. तुला असा आकडा हवा आहे, जो तिघांसमोर ठेवून “हा असा काढला” असं दाखवता येईल. तो कसा काढायचा ते लिहितो.

आधी किंमत विसर आणि नाणं ओळख. डबीत सयाजीराव महाराजांचा एक रुपया आहे, लाल चिंधीत गुंडाळलेला. समोर पगडीतले महाराज, मागे हारात ‘एक रुपया’, संवत आणि तलवार. संवत 1951 वाचलास, पण त्याला इसवी सन समजलीस. त्यातून 57 वजा कर, 1894 येतं. आता तो खिडकीशी धर आणि हळूहळू तिरपा कर. सगळ्यात उंच भाग आधी झिजतो: गाल, पगडीवरचे मोती, तलवारीची मूठ. तिथे उठाव दिसतो की नुसता सपाट तुकतुकीतपणा, यावर किंमत दुप्पट-तिप्पट बदलते. तुझ्या ह्या रुपयाचे मोती अजून एकेक मोजता येतात. असं नीट बघून झालं की वहीत लिही: कोणाचं, कुठलं, कोणत्या सालचं, वजन किती, झीज कुठे, कडेला ठोकर आहे का.

डबीतला व्हिक्टोरिया राणीचा 1862 चा रुपया तर आणखी बारकाईनं बघ. टांकसाळीनं ते साल 1874 पर्यंत बदललंच नाही. बारा वर्षांचे रुपये 1862 लिहूनच निघाले. मुंबईच्या रुपयांवर सालाच्या आसपास बारीक टिंबं आहेत, त्यांच्या संख्येवरून जाणकार नाणं त्या बारा वर्षांत आधी निघालं की नंतर ते ठरवतात. एक टिंब कमी-जास्त झालं तर नाणं साध्याचं दुर्मिळ होतं. दहापट भिंग घे. कुठल्याही प्रदर्शनात मिळतं आणि आयुष्यभर पुरतं.

आता एक कळकळीची विनंती. ही नाणी धुऊ नकोस. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून चांदी घासायची पद्धत आहे, आणि आजीनं यातली चार-पाच दरवर्षी घासलेली दिसतात. त्यांच्या अंगावर एका दिशेनं गेलेले केसासारखे ओरखडे आहेत. संग्राहकाला चकाकी नको असते, शंभर वर्षांत चढलेला करडा-निळा थर हवा असतो. तो एकदा गेला की परत येत नाही. चिंधीतल्या रुपयावर कुंकू वाळलंय, तेही नखानं खरवडू नकोस. आणि ज्या दोन नाण्यांना गळ्यात घालायला कडी लावली आहे, ती कडी काढायला सराफाकडे नेऊ नकोस. डाख लावलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीनं उतरलेलंच असतं. कडी काढली तरी खूण राहते, आणि आत्याला ती आईच्या गळ्यातली म्हणून हवी असेल तर मग दोन्ही गेलं.

खरं-खोटं ओळखण्यात माझी एक ठेच तुला सांगायलाच हवी. वीसेक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया घेतला. ब्रिटिश काळातल्या रुपयांत तो फार नावाजलेला, फार थोडे टिकले. दोन महिन्यांचा पगार गेला. घरी आणून काट्यावर ठेवला: वजन बरोबर, चांदी बरोबर, कडेचे दाते बरोबर. सहा महिन्यांनी एका जुन्या संग्राहकानं भिंगाखाली शेवटचा आकडा दाखवला. 9 च्या शेपटीजवळचा सपाट भाग किंचित खणल्यासारखा होता आणि तिथला रंग बाकीच्या नाण्यापेक्षा वेगळा होता. 1938 च्या अस्सल रुपयावरचा 8 कोरून 9 केला होता. सगळं नाणं खरं, एक आकडा खोटा. तेव्हापासून महाग सालाचं नाणं हातात आलं की मी आधी साल बघतो, मग राजा.

साध्या नकलांना मात्र घरातच पकडता येतं. दोन दशांशांपर्यंत दाखवणारा छोटा काटा आण. त्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आण. नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडव, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नकोस. काटा नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवेल: 11.66 ग्रॅमच्या अस्सल ब्रिटिश रुपयाला साधारण 1.13 ग्रॅम. तांबं-निकेलची नक्कल असेल तर 1.3 च्या आसपास जाईल. तो रुपया 91.7 टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. पण 1940 पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, हे विसरू नकोस. संस्थानी रुपयाला हा हिशेब लावू नकोस, त्यांची वजनं आणि कस वेगळे.

ह्या 10.69 ग्रॅम चांदीचा भाव म्हणजे नाण्याच्या किंमतीचा तळ. डबीतले झिजलेले, नेहमीच्या सालांचे रुपये त्या तळाच्या जरा वरच राहतील आणि चांदीबरोबर चढतील-उतरतील. त्यासाठी वाटणीच्या दिवशीचा चांदीचा भाव वहीत लिहून ठेव.

उरलेल्या पाच-सहा नाण्यांसाठी खरं काम आहे. जाहिरातीत लिहिलेली किंमत ही मागणाऱ्याची इच्छा असते. तुला हवी आहे ती कोणीतरी खरोखर मोजलेली किंमत. मुंबई-बंगळूरूचे लिलाव करणारे प्रत्येक लिलावानंतर कोणत्या नाण्याला किती आले ते प्रसिद्ध करतात. गेल्या दोन वर्षांतल्या पाच-सहा विक्री शोध, त्याच सालाच्या, त्याच प्रकारच्या आणि फोटो शेजारी ठेवल्यावर तेवढ्याच झिजलेल्या नाण्यांच्या. एखादी विक्री खूप वर गेली असेल तर ती सोड, कदाचित दोन हट्टी माणसं समोरासमोर आली असतील. सगळ्यात खालचीही सोड. मधल्या विक्रींच्या आसपास तुझा आकडा आहे. परदेशातल्या लिलावाचा भाव इथे लावू नकोस. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून तिकडचा बाजार वेगळा आणि आपला वेगळा.

जुनं म्हणजे महाग, हेही मनातून काढ. आपल्या गुजरातेत गधैया नावाची जुनी नाणी हंडेच्या हंडे सापडली. हजारेक वर्षं जुनी, तरी अजूनही साध्या माणसाला परवडतात. आणि दुर्मिळता टांकसाळीच्या आकड्यावरूनही कळत नाही. पाचव्या जॉर्जचा 1911 चा रुपया घे. त्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला. 94 लाख पाडलेल्यांपैकी सुमारे 7 लाखच बाजारात आले होते, बाकीचे वितळवले. किती पाडले यापेक्षा किती उरले आणि आज किती जणांना हवे आहेत, ते बघ. वडोद्याच्या रुपयाला आपल्या गावात आणि मराठी घरांत जी ओढ आहे ती दुसरीकडे नसेल, पण तीही भावात मोजली जाते.

आता वाटणीतला खरा पेच. एकाच नाण्याला दोन आकडे असतात. समज, लिलावात बोली 4,000 वर थांबली. घेणाऱ्याला त्यावर 15 टक्के कमिशन पडलं तर त्याचे 4,600 आणि वर कर. विकणाऱ्याकडून 10 टक्के कापले तर त्याच्या हातात 3,600. दुकानदार याहून कमी देईल, आणि त्यात लबाडी नाही, त्याला ते नाणं महिनोन्‌महिने सांभाळायचं असतं. मग धाकट्या आत्यानं नाणं ठेवून घेतलं तर तिच्या नावावर 4,600 लिहायचे की 3,600? माझं मत स्पष्ट आहे: तिन्ही वाटण्यांना एकच मोजमाप लाव, बोली थांबली तो 4,000 चा आकडा. कोणी विकून कमी घेतलं किंवा ठेवून जास्त मानलं तर तो ज्याचा त्याचा निर्णय. एकाला विकण्याच्या भावानं आणि दुसऱ्याला घेण्याच्या भावानं मोजलं तर कोणी खोटं न बोलताही अन्याय होतो.

तुझ्या चुलतभावानं फोनवर दाखवलेला वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याचा लाखांचा भाव सोडून दे. ती 2012 ची चलनी नाणी आहेत. कोणी रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन आधी फी किंवा कर भरायला सांगितला तर एक पैसाही देऊ नकोस. अशा ठगांविरुद्ध बँकेनं स्वतः ऑगस्ट 2021 मध्ये इशारा दिला आहे. आणि डबीतलं 1818 चं राम-सीता-हनुमान असलेलं तांब्याचं नाणं कंपनी सरकारनं कधी पाडलंच नव्हतं. ते देव्हाऱ्यात शोभेल, वाटणीत धरू नकोस.

पुढच्या रविवारी काटा, वही आणि डबी घेऊन ये, आणि मोठ्या आत्यालाही आण. लाल चिंधीतला रुपया आजीला कोणी आणि कोणत्या प्रसंगी दिला, हे आता फक्त तिलाच ठाऊक असेल. तो यादीत लिहायच्या आधी तिला विचारू. तिनं “हा मोजू नका” म्हटलं तर बावीसच मोजू.

तुझे काका